पुढची माशी

मागची खाच, पुढची माशी,
आणि पलीकडे ते, ज्याला लागायचं.
तिन्ही एका रेषेत आणायच्या, बस्स.
आठव्या वर्षी बापाने शिकवलं तेव्हा
तिन्ही एकदम दिसायच्या,
दारातल्या फोटोत आई, बाप आणि कुत्री दिसावी तशा.
आता एकीला बोलावलं
की दोघी उठून जातात.

एल्किन्सच्या डॉक्टर फामबाई
अंधारात भिंगं बदलत विचारत होत्या,
हे बरं, की हे?
म्हणालो, बाई, पुस्तक नाही वाचायचं मला,
नळीच्या टोकावरचा गव्हाएवढा लोखंडाचा तुकडा वाचायचाय.
हसल्या नाहीत. कोपऱ्यातला झाडू आणला,
दांडा माझ्या खांद्याला लावायला लावला,
आणि डोळ्यापासून टोकापर्यंत टेप धरली.
"एवढ्यावरचं लख्ख दिसेल, मिस्टर टीटर.
पलीकडचं सोडून द्या."
पलीकडचं सोडून द्या,
याचे एकशे ऐंशी डॉलर झाले.

मग लक्ष्यं.
दुकानातली छापील आणली, काळी, वर्तुळात वर्तुळ.
काळ्यावर काळी माशी बसली
की दोघींचं मिळून एक डबकं.
नारिंगी ठिपके लावले;
उन्हात ते कडेने सांडायला लागले,
झाडाखाली फुटलेल्या पर्सिमनसारखे.
कॉफीचा लाल डबा दुपारपर्यंत ठीक होता,
चारनंतर तो कुंपणाचा खांब झाला,
आणि मग खांबालाच दोन गोळ्या लागल्या.

अर्लीनने स्वयंपाकघरातून सगळं पाहिलं.
चर्चच्या जेवणावळीतून उरलेल्या कागदी ताटल्यांचा गठ्ठा
बाकावर आपटला.
शिवणाच्या सुईने काळ्या पट्टीला भोक पाडून
माझ्या चश्म्यावर चिकटवली,
आणि आत जाता जाता म्हणाली,
"एवढ्यातूनही नाही दिसलं तर जेवायला ये."

पांढरी ताटली, मागे काळं डांबरी पत्र्याचं शेड,
पंचवीस यार्ड. पन्नास म्हणायचो, ते आता म्हणत नाही.
ताटलीच्या मध्यावर नेम धरायचाच नाही,
मध्य कुठे आहे ते तिलाही ठाऊक नसतं.
माशी तिच्या खालच्या कडेला टेकवायची,
ढगाखाली खांब उभा करावा तशी.
कितीही धूसर झाली
तरी ताटलीला तळ असतो.

हरणाला नसतो.

गेल्या नोव्हेंबरात, ओढ्यापलीकडे,
रोडोडेंड्रॉनच्या जाळीत काहीतरी तपकिरी वाकलं.
खांदा असावा. किंवा पाठ.
माशी त्याच्यावर नीट बसली होती, अगदी लख्ख,
आणि माशीच्या मागे जे होतं ते
कुणीही असू शकलं असतं.
बोट आत घेतलं होतं.
ते बाहेर काढायला किती वेळ लागला, सांगता येत नाही.
तपकिरी उभं राहिलं, झाडांत गेलं.
डेन्झिल त्या दिवशी त्याच ओढ्यावर होता,
नारिंगी जाकीट गाडीत विसरून.
कितीच्या सुमारास, ते मी त्याला विचारलेलं नाही.
दर रविवारी आम्ही शेजारी बसतो.

तर आता ताटल्या.
नेमाने, सकाळी, ऊन पाठीशी असताना, सहा गोळ्या.
ब्रिन्ली नऊ वर्षांची आहे,
बंदूक उघडून बाकावर ठेवली, मी "जा" म्हणालो, की धावते.
ती शेडजवळून ताटली सूर्याकडे धरते,
मला इथून फक्त एक पांढरं काहीतरी
आणि त्याच्याखाली नात दिसते.
बोट घालून घालून मोजते.

"सात!" ओरडते.

सहाच झाडल्या होत्या.
त्यातलं एक खिळ्याचं असणार.
कुठलं, ते मी विचारत नाही,
आणि बाकावर पुढची ताटली घेऊन
तिचा तळ कुठला, ते पाहत बसतो.